पंगतीतून उठलेला वाढपी

आमच्या लातूरच्या कॉलेजात नेटवर्कचं काम बघायला निलंग्याहून एक गृहस्थ येतात. ते "दोन मिनिटं" म्हणाले की मी घड्याळ बघतो. आजवरची सरासरी एकेचाळीस मिनिटं आहे.

कार्यालयातल्या एका लिनक्स संगणकाच्या पोटात त्यांनी तीन आभासी संगणक बसवले आहेत: ग्रंथालयाचा, प्रवेशाचा आणि प्रश्नपत्रिकांचा. केबल एकच, मग तिघांचे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधले कप्पे, वेगळे कसे, असं मी विचारलं.

"सर, अंगण एक, पंगती तीन. ह्या पंगतीतलं वाढप त्या पंगतीत जाऊ द्यायचं न्हाई."

परवा दुपारी बारा वाजता परीक्षा होती. प्रश्नपत्रिकांची पंगत त्यांनी आदल्या दिवशी घरूनच, इंटरनेटवरून मांडली. परीक्षेच्या सकाळी त्यांचा फोन आला.

"सर, लई घोळ झाला. मी मलाच पंगतीतून उठवलं. आता घरून मशीन मला आत घेईना. एसटीनं येऊन राहिलो."

"किती वेळ लागेल?"

"पोचल्यावर दोन मिनिटं."

"म्हणजे एकेचाळीस."

"हाव सर, टोमणे मारा, पण मशीनच्या खोलीची किल्ली काढून ठेवा."

दहा वाजून चार मिनिटांनी ते बसले आणि पावणेअकराला उठले. प्रश्नपत्रिका वेळेत छापली गेली. पंगती खरंच वेगळ्या आहेत का बघायला मुलांच्या संगणकावरून ती उघडायचा मी तीनदा प्रयत्न केला; उघडली नाही.

आमच्या नोंदवहीत कामाच्या रकान्यात सगळेच 'तांत्रिक अडचण' लिहितात. त्यांनी लिहिलं, 'माझी चूक दुरुस्त केली.' शेजारी, लागलेल्या वेळेच्या रकान्यात, 'दोन मिनिटं.'

चुकीचा आकडा मी सहसा ठेवत नाही. तो ठेवला.