जवळच्या वाटेची नळी

पंपांच्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे घण. तोंडावर घण म्हणणाऱ्या एका फोरमनच्या पायावर तिने पाइपपाना टाकला होता. सटकला, असं ती कधीच म्हणाली नाही. "टाकला," म्हणायची. फिटर म्हणून तिचा हात पक्का होता. तिने जोडलेला पंप गळत नसे, आणि चुकून गळलाच तर त्या दिवशी तिच्या आसपास कुणी फिरकत नसे.

मारायला हात इतका पटकन कसा उठायचा, हे सांगायला फार खोल जायला नको. बाप पट्ट्याने मारायचा. एकदा धाकट्या भावाच्या डोळ्याजवळ बक्कल लागलं, तेव्हा तिने दाराचा अडसर उचलला आणि बापाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. बापाने पुन्हा कुणावर हात उगारला नाही, आणि धाकट्याला वाढवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. ते तिने तिला येत होतं तसं केलं, पोटभर खायला घालून आणि थोबाडीत देऊन. मारणं वाईट असतं हे सांगायला काही शहाणी माणसं घरी आली होती. तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

धाकटा मोठा झाला, बस चालवू लागला आणि डोक्यात विमानाचं खूळ घेऊन बसला. उडवायचा परवाना काढला, विमानाचे आराखडे मिळवले, आणि घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांपुरतं विमान बांधायला घेतलं. पत्रा ठोकायचं काम ताईच्या नवऱ्याकडे. त्याचा धंदाच तो. बोलायला कमी, टोमणे मारायला पुढे. इंजिन आणि पेट्रोलच्या नळ्या ताईकडे आल्या, म्हणजे तिने त्या ओढूनच घेतल्या.

टाकी सीटच्या मागे होती आणि इंजिन नाकात. कारखान्यात ताईचा एकच धर्म होता: नळी आखूड हवी, वळणं कमी हवीत. थंड पाण्यापुरता तो धर्म अगदी खरा. तिने नळी जवळच्या वाटेने नेली, आणि ही वाट सायलेन्सरला जवळजवळ घासून जात होती. पेट्रोल ओढणारा विजेचा छोटा पंप तिने वर, इंजिनाच्या कुशीत बसवला. नवऱ्याने त्यावर पत्र्याचं झाकण असं चापून बसवलं की आत वाऱ्यालाही शिरायला जागा नाही. दिसायला सुरेख. तिघंही त्याच्यावर खूश.

सकाळच्या गारव्यात विमान उडालंही. शेडपुढच्या मैदानातल्या धावपट्टीवरून धाकटा वर जायचा, चक्कर मारायचा, नीट खाली यायचा. सकाळीच उडत होते, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

मग एकदा उन्हाळ्यात तो उतरला, इंजिन बंद करून पाणी प्यायला, आणि पुन्हा निघायला म्हणून चालू केलं. इंजिन थोडं धावलं, खोकलं आणि मेलं.

"नळी तापतेय," धाकटा म्हणाला. "ताई, ती सायलेन्सरपासून लांब घ्यायला हवी."

"माझी नळी? कार्ब्युरेटर नीट लाव आधी. बसचं स्टिअरिंग धरून हाताचे खांब झालेत तुझ्या."

"आपलं चुकलं, एवढं म्हणायला तोंड उघडत नाही ना तुझं?"

तिने सणकन त्याच्या मुस्काटात दिली. आजवर अशी थप्पड खाऊन तो गप्प बसायचा. या वेळी त्याने मूठ वळली आणि सरळ तिच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याचे केस धरले, तोंड पंखावर आपटलं, आणि दोघं धुळीत लोळू लागले. दोघांची वयं काय, आणि चाललंय काय! नवऱ्याने पाण्याची बादली आणून दोघांवर ओतली.

"कुत्र्यांना ओततात तसं," तो म्हणाला. "उठा."

धाकटा उठला. नाकातून रक्त गळत होतं. "भावजी, बाजूला व्हा. आत्ता नेतो वर. नळी बरोबर आहे ना हिची? मग काय भ्यायचं!"

"जा की," ती म्हणाली. "मेलास तरी रडणार नाही."

तो चढला. त्याने किल्ली फिरवली, आणि इंजिनाआधी तो विजेचा पंप टकटकू लागला. सकाळी तो दमदार, संथ टकटक करायचा. नळी भरली की त्याला जोर लागायचा. आता तो मोकळाच खडखडत सुटला होता, थांबायचं नाव नाही.

हा आवाज तिने ओळखला. कारखान्यातल्या बॉयलरला पाणी पुरवणारा पंप एकदा असाच खडखडत होता. कढत पाणी ओढून येत नाही, पंपात त्याची वाफ होते, आणि पंप वाफेला धरू शकत नाही. म्हणून तो पंप टाकीच्या खाली बसवतात, पाणी स्वतःच्या वजनाने आत येईल असा. हे तिने स्वतःच्या हाताने किती वेळा केलं होतं. पाण्याचं कळत होतं आणि पाण्याच्या कितीतरी आधी उकळणाऱ्या पेट्रोलचं डोक्यात आलं नव्हतं.

इंजिन चालू झालं. अर्थात होणारच, वाफेबरोबर थोडं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत येतंच. तेवढं जमीन सुटेपर्यंत पुरतं. मग पट्टीच्या टोकाची झाडं, आणि झाडांवर धाकटा.

"थांब!" ती ओरडली. त्याला वाटलं शिव्या देतेय. त्याने मान फिरवून इंजिन वाढवलं. विमान सरकलं.

शेडच्या भिंतीला लोखंडी अँगल टेकवलेला होता. तिने तो उचलला, धावत आडवी गेली आणि विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्यात फेकला.

लाकडाचा पंखा तोफेसारखा फुटला. एक फळकूट तिचा दंड चिरत गेलं, दुसरं शेडच्या पत्र्यात घुसलं. इंजिन हिसका देऊन बंद पडलं. विमानाचं नाक खाली वाकलं. धाकटा उडी मारून आला, दोन्ही हातांनी तिचा गळा धरला आणि तिला जमिनीवर दाबलं. त्याच्या डोळ्यांत तेव्हा ताई नव्हती. नवऱ्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली तेव्हा कुठे बोटं सुटली.

"किल्ली लाव," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "फिल्टर बघ."

नवऱ्याने झाकण काढलं, किल्ली फिरवली. पंप खडखडत होता. नळीवरच्या काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल नव्हतं, नुसते बुडबुडे खदखदत होते. धाकटा बघत राहिला. मग त्याने पट्टीच्या टोकाच्या झाडांकडे पाहिलं.

"नळी माझी चुकली," ती म्हणाली. तोंडातलं रक्त थुंकली आणि दंडाला फडकं गुंडाळू लागली.

दंडाचे टाके निघायच्या आत तिने सगळं उचकटलं. पंप टाकीच्या तळाशी नेला, पेट्रोल ओढायच्याऐवजी ढकलेल असा. नळी इंजिनाच्या थंड बाजूने, लांबच्या वाटेने नेली. वळणं आली तर येऊ दे. वर उष्णता अडवणारं वेष्टण चढवलं, आणि एक बारीक नळी परत टाकीत सोडली, म्हणजे तापलेलं पेट्रोल इंजिनापाशी साचून न राहता फिरत राहील. नवऱ्याने आपल्या लाडक्या झाकणाला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी पाडल्या. "सुंदर बायकोचं नाक कापल्यासारखं वाटतंय," म्हणाला. नवा पंखा बसला. विमान झाडाला बांधून भर दुपारी इंजिन तापवलं, बंद केलं, उष्णता आत मुरू दिली, पुन्हा चालू करून पूर्ण जोरात पळवलं. ते धावत राहिलं.

या सगळ्या काळात धाकटा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पाना मागायचा तोही भावजींकडून. आता त्याने मागच्या सीटकडे बोट केलं.

"बस."

"मी?"

"नळी कुणाची? बस."

ती कधी शिडीच्या वर चढलेली नव्हती. नवऱ्याने पट्टे आवळले. डोक्यावर ऊन रणरणत होतं, विमान धावलं, जमीन सुटली, झाडं पायाखालून गेली. तिने डोळे गच्च मिटले होते. मग धाकट्याने मुद्दाम विमान कुशीवर टाकलं. तिने पुढे वाकून त्याच्या मानेवर एक सणसणीत ठेवून दिली.

"सरळ चालव, मेल्या!"

"मग मारायच्या आधी तोंडाने सांग ना, ताई!" तो ओरडला, आणि विमान दुसऱ्या कुशीवर टाकलं.