घरच्या नानकटाया

रोडपालीच्या चंद्रावतीबाईंच्या घरात दीड वर्षात बेकरीचा टोस्ट किंवा खारी आली नव्हती. नवऱ्याला, काशीरामशेठांना, हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेकरीचं बंद. चंद्रावतीबाईंनी ते उपासासारखं पाळलं.

नानकटाई मात्र घरची. मैदा, साखर, तूप आपलं न्यायचं, पनवेलच्या भट्टीवर नंबर लावून बसायचं, डोळ्यांसमोर मळून, भाजून घ्यायचं आणि डबा भरून आणायचा. सगळी आळी हेच करते. शेठांना रोज चहाबरोबर दोन मिळत. बाईंच्या लेखी ते पथ्यातच होतं.

या खेपेला रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. गोळ्या चालू, मटण बंद, तरीही. बाईंनी तो कागद सुनेपुढे ठेवला.

"आई, बाबा बाहेर काही खातात का?" सून समीक्षाने विचारलं.

"माज्या नजरंआड पानी पन पीत नाय."

"आणि नानकटाईत तूप कुठलं घालता?"

"वाण्याकडचं सुटं, पांढरं. साजूक तुपाची तेवढी खुसखुशीत होत नाय गो."

समीक्षाने डबा उघडून एक नानकटाई हुंगून पाहिली. बाईंना ते टोचलं. "बोल ना काय ते."

"आई, बेकरीचं नको म्हणतात ते या वनस्पती तुपासाठीच. त्यातलं ट्रान्स फॅट हृदयाच्या नळ्या बुजवतं. पाकिटावर निदान किती आहे ते छापलेलं असतं. सुट्याचं कोण सांगणार?"

झोपाळ्यावरून शेठ म्हणाले, "म्हंजे मना मारायचा कारखाना घरानच हाय."



दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी आपणहूनच सगळं सांगितलं. "माज्या हातून किती बिघडलंय, मॅडम?"

"एकट्या नानकटाईनेच वाढलं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर वसुंधरा म्हणाल्या. "पण त्या तुपात काय होतं ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. आजपासून बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

घरी आल्यावर डबा शेजारी देऊन टाकावा म्हणून बाई उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. शेजारीही माणसंच राहतात. डबा कचऱ्यात रिकामा झाला.

संध्याकाळी चहाबरोबर भाजलेले चणे आले. शेठ मुकाट्याने खाऊन गच्चीवर निघाले. बाई मागोमाग. अर्ध्या जिन्यात शेठ कठड्याला धरून थांबले.

"दम लागला काय तुमाला?"

"नाय गो. चप्पल निसटली."

बाईंनी खाली पाहिलं. चप्पल पायात नीट होती.