हरलेल्या सामन्यांचा रकाना

नात मोबाइलवर कुठल्याशा बास्केटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द बघत होती. जिंकलेले सामने, हरलेले सामने आणि शेवटी एकच शब्द, हकालपट्टी.

"आजी, हा फारच हरलाय गं!"

तरुणपणी मी एका कारखान्याच्या संघात खेळायचे. आम्हाला पगारी प्रशिक्षक होते. अंतिम सामन्याआधी सर म्हणाले, "पोरी, बांगड्या काढ. पंच खेळू देणार नाहीत." माझा नुकताच साखरपुडा झालेला. मी ठसक्यात सांगितलं, "सासूबाईंनी भरल्यात, काढायच्या नाहीत." बिचाऱ्या सासूबाई असं काही बोलल्याच नव्हत्या. होणारा नवरा समोर बसला होता आणि या महाराणींना हिरवे हात मिरवायचे होते! पंचांनी मला बाहेर बसवलं. आम्ही एका गुणानं हरलो आणि कारखान्यानं सरांना काढून टाकलं.

कोणामुळे हरलो, ते या तक्त्यांत कुणी लिहीत नाही. हार प्रशिक्षकाच्या नावावर पडते आणि आमच्यासारख्या सुटतात.

सर माझ्या लग्नाला आले होते. आहेर देऊन म्हणाले, "सुखी राहा." मला मान वर करवली नाही. मांडवातल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "किती शालीन आहे हो नवरी!"