थर्माकोलची टिटवी

वेर्नर स्कोव्ह जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनखोलीत राबला. निवृत्त झाल्यावर घरामागे त्याने गॅसच्या जुन्या टाकीला आतून माती थापून भट्टी केली. मोपेडची फुटकी इंजिनं, गाड्यांची चाकं, असलं अॅल्युमिनियम तो वितळवायचा. पेयांचे डबे नको म्हणायचा. त्यांत धातू कमी, मळीच जास्त. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांवरचे नंबराचे आकडे त्याच्या हातचे. माझा सात जरा तिरका आहे. त्याची बायको बोडिल म्हणायची, “लोकांचे नवरे म्हातारपणी फ्योर्डावर मासे धरतात. आमचा भंगार उकळतो.”

त्यांची मुलगी सिसेल चौतिसाव्या वर्षी आजारी पडून घरी परतली. शेवटच्या हिवाळ्यात टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घेऊन तिने फळं कापायच्या सुरीने एक टिटवी कोरली, तुरेवाली, मार्चमध्ये आमच्या कुरणांत उतरते तशी. त्या वर्षी टिटव्या यायच्या आधीच सिसेल गेली.

टिटवी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. उन्हाने पिवळी पडली, तिचे दाणे गळू लागले. वेर्नर म्हणाला, धातूत ओतली तर टिकेल. पण त्या कामात थर्माकोल तसाच वाळूत पुरतात आणि त्यावर धातू ओततात. थर्माकोल जळत जातो, त्याची जागा धातू घेतो. साधलं तर साधलं, नाहीतर दोन्ही गेलं. बोडिल महिनाभर नाही म्हणत होती. मग एका सकाळी तिने खिडकीतले गळलेले दाणे ओल्या फडक्याने टिपले आणि टिटवी स्वतः त्याच्या हातात दिली.

मी मदतीला गेलो होतो. बादलीत टिटवी ठेवून वेर्नरने भोवती वाळू भरली, ठोकून बसवली. ओतताना मध्ये थांबायचं नाही, हे तो मलाच पुन्हापुन्हा बजावत होता, जणू ओतणार मी होतो. मग त्याने चिमट्याने वितळलेल्या धातूची मूस उचलली. धातू आत गेला तशी वाळूतून पिवळी ज्वाळा उठली, पाठोपाठ काळा धूर.

आमच्याकडे काळी गाडी चर्चच्या दारातून शवपेटी घेऊन दुसऱ्या गावच्या दहनगृहाकडे जाते. मागे कोणी जात नाही. आपलं माणूस जळताना आम्ही पाहत नाही. वेर्नरने ते त्या दुपारी पाहिलं. त्याचा हात थांबला, दोन श्वासांपुरता. मग त्याने उरलेलं ओतलं, पण तोवर आत जायची वाट धातू गोठून बंद झाली होती. धातू वाळूवर पसरला.

वाळू उपसली. पोट निघालं, पंख निघाले, दाण्यांची जाळी आणि सुरीचे वार जसेच्या तसे. मानेपुढे काहीच नव्हतं, नुसती काजळलेली वाळू.

बोडिल दारात उभी होती.

“वितळवून पुन्हा ओततो,” वेर्नर म्हणाला.

“कशात ओतणार?”

तिने ओव्हनचे मोजे घालून तो गरम तुकडा उचलला आणि आत नेला.

भट्टी नंतर पेटली नाही. कोपऱ्यावरच्या नव्या घराला दुकानातला आकडा लागला आहे. टिटवी वरच्या खोलीत बोडिलच्या पलंगाशी असते. वेर्नर खाली कोचावर झोपतो. कोणी विचारलं तर पाठीचं दुखणं सांगतो.