कारपेटभाऊंचा तिसरा प्रश्न

कारपेटभाऊ ऑफिसात शिरले की दारातच चपला काढायचे, डोळे मिटायचे आणि अनवाणी चालत सुटायचे. टेबलांच्या मधून, साहेबांच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटामागे. हात जरा पुढे धरलेले, चेहरा गंभीर. नव्या माणसाला वाटायचं, कोणी आंधळा वाट चुकून वर आला. मध्येच ते थांबायचे, पायाचा अंगठा दाबायचे आणि पुटपुटायचे, "इथं रेती." चार पावलांवर परत, "इथं मागचा साबन राहून गेला." कोणी हसलं तर डोळे न उघडताच म्हणायचे, "हासा जी, हासा. पायाले जे समजते थे नजरेले नाई समजत."

आमच्या ऑफिसात कारपेट असणं हाच मुळात एक विनोद होता. आमची कंपनी मोठ्या शहरातली. तिथल्या कोणाला तरी वाटलं की सगळ्या शाखा एकसारख्या दिसल्या पाहिजेत, आणि गोंदियात दुसऱ्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत राखाडी निळं कारपेट येऊन पडलं. राइस मिलचा कोंडा हवेतच असतो, लोक धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायाने थेट वर येतात, तिरोड्याच्या वीजकेंद्राकडून येणाऱ्यांच्या बुटांना राख असते. पांढरा पायजमा घालून रोवणीला उतरावं तशातली गत. खुर्च्या, पंखे, पाणी, चहा आणि हे कारपेट सांभाळणं माझ्याकडे होतं. म्हणून वर्षातून दोनदा कारपेट धुवायला मी भाऊंना फोन करायचो आणि ते काम करत तो अख्खा रविवार त्यांच्यासोबत बसायचो.

भाऊ मूळचे अर्जुनीकडचे. ऐन उमेदीची वर्षं नागपूरच्या हॉटेलांत काढली, तिथे हे काम शिकले आणि एक जुनी मशीन घेऊन गोंदियात परत आले. त्यांना कोणी सफाईवाला म्हटलेलं खपत नसे. आमचे एक साहेब एकदा म्हणाले, "वो झाडूवाला आया क्या?" भाऊंनी शांतपणे मशीनची नळी गुंडाळली आणि म्हणाले, "झाडनं अलग, हे अलग. मिस्त्रीले मजूर म्हनाल का तुमी?" साहेबांनी सॉरी म्हटल्यावरच नळी परत उलगडली. साहेब लोकांना सॉरी म्हणायला लावणारा दुसरा माणूस मी तरी आमच्या ऑफिसात पाहिला नाही.

पाण्याचा थेंबही पडायच्या आत तासभर नुसती कोरडी मशीन फिरायची. आधी उभी, मग आडवी, मग परत उलट दिशेने. मला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, भाऊ, धुवायचंच आहे ना शेवटी? "कोरडी माती पयले काढा लागते, बाबूजी. तिच्यावर पानी टाकलं का तिचाच चिखल होते, आन् थो चिखल खाली जाऊन बसते." मग मशीनची पिशवी जुन्या वर्तमानपत्रावर उपडी करायचे. कोंडा, रेती, टाचण्या, नखं, केस, सुपारीची खांडकं. एकदा तो ढीग तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आणि वर म्हणाले, "हे तुमचं ऑफिस." साहेबांनी त्या दिवशी डबा बाहेर नेऊन खाल्ला.

औषध फवारलं की मात्र भाऊ खुशाल भिंतीला टेकून बसायचे. दहा-पंधरा मिनिटं ते हलत नसत. मळ सुटायला वेळ लागतो हे मला पटत नव्हतं असं नाही, पण माझा स्वभाव उतावळा. मी घड्याळ बघायला लागलो की ते म्हणायचे, "डॉक्टर गोळी देते आन् मंग पोटावर बुक्क्या मारते का? बसू द्या तिले." त्या वेळात तंबाखू मळत दुनियेभरच्या गोष्टी सांगायचे. मग हलका ब्रश, मग गरम पाणी. पाणी सोडत मशीनचा एक हात फिरवायचा आणि ते ओढून घेत त्याच जागेवरून तीन हात फिरवायचे, असा त्यांचा हिशोब होता. "देनारं कोनी बी देते," म्हणायचे, "ओढून घेनं कठीन आहे. खाली ओल राहिली का वास सुटते." शेवटी पंखे लावून, कारपेटची लोकर एका बाजूला विंचरून, खुर्च्यांच्या पायांखाली प्लास्टिकचे तुकडे सरकवून ते जायचे आणि जाताना संध्याकाळपर्यंत कोणाला आत सोडू नका म्हणून मलाच दम द्यायचे.

डाग दिसला की ते उकिडवे बसायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. काय सांडलं? कव्हा सांडलं? आन् मंग त्यावर कोनं काय केलं? त्यांचं म्हणणं असं की पहिल्या दोन प्रश्नांना लोक खरं सांगतात आणि तिसऱ्याला हमखास लबाड बोलतात. "डाग पडला हे सांगाले मानूस लाजत नाई. मंग जे येडं काम केलं थे सांगाले लाजते." एकदा केबिनमध्ये शाई सांडली होती. साहेब म्हणाले, मी हातसुद्धा लावला नाही. भाऊ खाली वाकले, नाक टेकवलं आणि म्हणाले, "शाईले गुलाबाचा वास काऊन येऊन राहिला?" साहेबांनी खिशातला सेंट मारून पुसलं होतं आणि वाटीएवढा डाग ताटाएवढा केला होता. आम्ही आठवडाभर हसलो.

तिसऱ्या प्रश्नावर हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे तो माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे आवक-जावक बघायला टेंभरेजी होते. तिरोड्याहून रोज रेल्वेने येत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं कमी, स्वतःचा स्टीलचा ग्लास आणि त्यात भरपूर दुधाचा चहा. एका सकाळी त्यांच्या हातातून तो भरलेला ग्लास सुटला. नेमकी त्याच दिवशी वरच्या ऑफिसची माणसं तपासणीला येणार होती. टेंभरेजी म्हणाले, "हात सुन्न होऊन राहिला जी." मी काय बोललो ते मला शब्द न शब्द आठवतं. मी म्हणालो, "टेंभरेजी, आजच?" आणि धावत जाऊन पाण्याचा जग आणि कपड्याची पावडर घेऊन आलो. जग ओतला, गुडघ्यावर बसलो आणि घासत राहिलो. ते खुर्चीत बसून "माझ्याच्यानं झालं जी, माझ्याच्यानं झालं" म्हणत होते. पंधरा मिनिटांनी मी मान वर केली तेव्हा त्यांचं डोकं टेबलावर होतं.

गाडी मीच आणली, उचलायला मीच पुढे होतो, दवाखान्यातही मीच बसून राहिलो. संध्याकाळी ते गेले. तेरवीला टेंभरेवहिनी आल्यागेल्याला सांगत होत्या, "यायनंच धावपळ केली जी. नाई त कोन कोनाचं करते?" मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला. त्या पंधरा मिनिटांबद्दल मी कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

आणि तो डाग जाईना. शिपायाने दोनदा धुतला. धुतला की जायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढाच, परत वर यायचा. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी तिथे लिंबू ठेवून गेलं. टेंभरेजींच्या जागेवर आलेल्या नव्या मुलीने टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवून घेतलं. मी भुताखेतांना मानत नाही, पण सोमवारी कुलूप उघडताना माझी नजर पहिल्यांदा तिकडेच जायची. रिकाम्या ऑफिसात कधी कधी खुर्ची करकरल्यासारखी वाटायची. "माझ्याच्यानं झालं जी" हे शब्द तर मला जेवतानाही ऐकू यायचे.

मग भाऊंचा रविवार आला. डोळे मिटून चालत ते त्या जागेपाशी आले आणि थांबले. अंगठा दाबून पाहिला. मग उकिडवे बसले.

"काय सांडलं?"

"चहा."

"कव्हा?"

"पाच महिने झाले."

"आन् मंग?"

"काही नाही. शिपायाने पुसला असेल."

भाऊंनी लोकरीवरून बोटं फिरवली. "शिपायानं वरवर पुसलं. त्याच्या आंदी कोनं तरी लय पानी ओतलं, पावडर टाकली आन् गुडघ्यावर बसून जीव खाऊन घासलं. पाहा, धागे पिरगाळले. चहा पार तळाले गेला. वरून वाळते तसा खालचा वर चढते. भूत नाई काई नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोन होतं थे?"

मी म्हणालो, मी. आणि तिथेच, त्या रिकाम्या ऑफिसात, पाच महिने कोंडलेलं सगळं सांगून टाकलं. भाऊ उकिडवेच बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आन् त्यायले पानी कोनं देल्लं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "जग माझ्याच हातात होता."

भाऊंनी मशीन ओढून घेतली. अगदी बेताचं पाणी घातलं, ओढलं, परत घातलं, परत ओढलं. साबण निघेपर्यंत हेच चाललं. मग पांढऱ्या सुती कापडाची जाड घडी डागावर ठेवली आणि वजन म्हणून कंपनीच्या नियमावलीचे चार खंड तिच्यावर रचले. ते खंड कोणाच्या कामी आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घडी उचलली तर सगळा तपकिरी रंग कापडात चढला होता आणि खाली कारपेट स्वच्छ. तिसऱ्या दिवशी डाग आला नाही. महिन्यानेही आला नाही.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. नाही वाटलं. मी फोन करून भाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी कारपेट धुतो बाबूजी. बाकीचं मी नाई धूत. मले सांगून काय होते? ज्याईले सांगाचं त्याईले सांगा."

आज जाऊ, उद्या जाऊ करत मी वर्ष-दीड वर्ष काढलं आणि शेवटी तिरोड्याला गेलो. टेंभरेवहिनी ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं: चहा, जग, पावडर, पंधरा मिनिटं. त्यांचा हात सुपात थांबला. मग त्यांनी विचारलं, "त्यायनं पानी मागतलं होतं का?"

मागितलं होतं. हे मी भाऊंनाही सांगितलं नव्हतं. "जरा पानी द्या जी," असं टेंभरेजी म्हणाले होते, आणि मी घासता घासता म्हणालो होतो, "एक मिनिट, हे होऊ द्या."

"नाही," मी वहिनींना म्हणालो.

"मंग ठीक," त्या म्हणाल्या. "तहानेनं नाई गेले." आणि परत डाळ निवडायला लागल्या.

तिथून मी सरळ भाऊंच्या घरी गेलो. तोवर आमचं कारपेट निघून टाइल्स आल्या होत्या. भाऊंचे गुडघे गेले होते आणि दमही लागायचा. त्यांची बायको पाणी घेऊन आली. भाऊंनी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि स्वतः माझ्या हातात दिला. मी घटाघटा प्यायलो. तहान लागली होती. मग टेंभरेजींनी पाणी मागितलं होतं हे धरून सगळं सांगितलं, आणि वहिनींना समाधान मिळावं म्हणूनच नाही म्हणालो, असंही सांगितलं.

"त्याईच्यासाठी का तुमच्यासाठी?" भाऊ म्हणाले.

मी रिकामा ग्लास खाली ठेवला. ते रागावले नाहीत, शिकवलंही नाही. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. पावसापाण्याचं बोलून झालं की विचारायचे, "तिरोड्याले गेल्ते का जी?" मी म्हणायचो, जाईन, या रविवारी जाईन. "जा," एवढंच म्हणून ते फोन ठेवायचे. असा माणूस आयुष्यात एकदाच भेटतो. माझ्यावर त्यांच्याइतका विश्वास कोणी टाकला नाही, आणि मी कोणाला इतकं घाबरलोही नाही.

मी तिरोड्याला परत गेलोच नाही, आणि उन्हाळा संपता संपता भाऊ गेले. मला दोन दिवसांनी कळलं. त्यांच्या घरी गेलो तेव्हा मशीन दाराशीच ठेवली होती, नळी नीट गुंडाळलेली. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. म्हणाली, "शेवटच्या दिवसाईत बी तुमचीच आठवन काढत होते. बाबूजी तिरोड्याले जाऊन आले का म्हून विचारत होते. कायले जायचं होतं थे मले काई सांगतलं नाई. जाऊन आले ना तुमी?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"हो," मी म्हणालो, "जाऊन आलो."