शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही

प्रॉम्प्टर अंकल बसायचे नाहीत. आमच्या तालमी चर्चच्या बेसमेंटमध्ये चालत. तिथे घडीच्या खुर्च्यांची थप्पी होती, पण सत्तरी ओलांडलेले हे वसईकर गृहस्थ दोन-दोन तास भिंतीकडेने येरझाऱ्या घालत प्रॉम्प्टिंग करायचे. इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात जन्म उभ्यानं काढला, आता बसलो तर गंज चढेल, असं म्हणायचे. त्यांच्याकडे बघून आमच्याही पायांना चाळा लागायचा.

नाटक एकच. दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कॉमेडी, त्यांच्या गावच्या मास्तरांनी मराठीत आणलेली. अंकलनी सोळाव्या वर्षी चर्चच्या सणाला तिचं प्रॉम्प्टिंग केलं आणि तेव्हापासून तिचा पिच्छा सोडला नाही. काखेतल्या जाड वहीत तिची सगळी कुंडली होती. लंडनमध्ये ती पाच अंकी होती, मग फिरत्या कंपन्यांनी दोन अंक उडवले, एका नटानं नोकराच्या तोंडी गाणी घुसडली, मुंबईच्या छावणीत गोऱ्या शिपायांनी झगे घालून बायकांची कामं केली. कुणी काय कापलं हे सांगताना ते असे चिडायचे, की जणू त्यांच्याच वाडीतली केळ कुणी तोडून नेली आहे.

त्यांचा एक नियम होता, त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. ही जुन्या इंग्रजी नटांची समजूत, मास्तरांकडून त्यांच्याकडे आलेली. तालमीत पुरं झालेलं नाटक रंगमंचावर अपुरं राहतं म्हणे. ते वाक्य म्हाताऱ्या मोलकरणीचं होतं, आणि मोलकरीण मी: "सगळी घरी आली. आता दार लावा."

गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत अंकलनी ते नटाच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. एकदा पडदा आधीच पडला, एकदा ते टाळ्यांत बुडालं, एकदा मोलकरीण झालेल्या बाईंना आठवलंच नाही. सरावच नाही तर दुसरं काय होणार? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"अंकल, एकदाच रिहर्स करू द्या ना. नाहीतर मी स्टेजवर ब्लँक होईन."

"झालीस तर झालीस, बाय. पण नाटक बेसमेंटमध्ये संपवायचं नाय."

आमचा प्रयोग झाला ते कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचं वर्ष होतं. अंकलनी घर विकलं होतं, आठवड्याभरात देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला मुलीकडे कायमचं जायचं होतं. त्याआधी त्यांना ते वाक्य एकदा ऐकायचं होतं. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी विंगेत इतक्या फेऱ्या मारल्या की कुणीतरी त्यांच्या बुटांचा आवाज येतो म्हणून तक्रार केली.

प्रयोग छान रंगला. शेवटी मी दाराकडे वळले आणि डोकं कोरं झालं. अंकल विंगेतून दोनदा कुजबुजले, पण माझ्या कानात माझंच काळीज धडधडत होतं. तेव्हा ज्या माणसानं आपला आवाज कधी विंगेबाहेर जाऊ दिला नव्हता, त्यानं ते वाक्य खणखणीत म्हटलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्याच टाळ्या. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. अंकल रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

"म्हटलं गेलं," ते म्हणाले, "पण ऐकायचं राहिलं."

दोन विंटर गेले. एका दुपारी ग्रोसरी घेऊन गाडीकडे येत होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा बर्नाबीच्या हॉस्पिटलमधून फोन आला. "डॅडी इज नॉट सेटलिंग. सारखे उठून चालायला बघतात, नर्सेस पण दमल्या." मी तिला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितला. पिशव्या बर्फात ठेवल्या आणि पार्किंग लॉटमध्ये उभं राहून, तालीम न करता, ते वाक्य म्हटलं. थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, डॅडी पेन्सिल मागताहेत.

त्यानंतर ते उठायला धडपडले नाहीत. आठवड्यातच गेले.

वही माझ्याकडे पोस्टानं आली. शेवटच्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "बर्नाबी. प्रेक्षक एक. शेवटचं वाक्य ऐकलं. दार लावायच्या आधी बायनं जरा थांबायला हवं होतं."