ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

माझ्या धाकट्या दिराइतकं पृथ्वीला कमी लेखणारा माणूस सबंध धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. त्याच पृथ्वीवर त्यांचं चार एकर रान आहे, तिथलीच ज्वारी ते खातात, पण तिच्याबद्दल दोन चांगले शब्द काढतील तर शपथ. मोबाईल हातात आला, सूर्य केवढा नि तारे किती लांब हे त्यांना कळलं, आणि तेव्हापासून घरातली एकही गोष्ट त्यांना मोठी वाटली नाही. कालवणात मीठ जास्त झालं असं त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, स्वतःहून म्हणाली तरी ते म्हणणार, 'एवढ्या अफाट पसाऱ्यात चिमूटभर मिठाचं काय घेऊन बसलीस?' मीठ कमी पडलं की मात्र ताट सरकवतात. शेजाऱ्यानं नांगरताना आमचा बांध हातभर कोरला, तेव्हा मी त्यांना भांडायला पाठवलं. ते सांगून आले की पृथ्वीच जिथं दाण्याएवढी, तिथं बांध शोधायला भिंग लागेल. शेजाऱ्याला हे इतकं पटलं की पुढच्या वर्षी त्यानं आणखी हातभर कोरला. एकदा एसटीत कंडक्टरला म्हणाले, 'आपण समदे बसल्या जागी सूर्याभोवती फिरायलोय, त्याचं तिकीट कोण मागतंय का?' कंडक्टर म्हणाला, 'त्या गाडीला जळकोटचा थांबा न्हाय, काका. तिकीट काढा.'

तर अशा माणसाच्या लेकीचं, सोनालीचं, लग्न जमवायचं होतं. आधीची दोन स्थळं त्यांनी आकाशगंगा समजावून घालवली होती. तिसरं आलं लोहाऱ्याचं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. मुलाच्या वडिलांचा होकार तेवढा राहिला होता. त्यांचं खताचं दुकान, मिशा जाड आणि बोलणं कमी. आम्ही बापलेकांना येळवशीला रानात जेवायला बोलावलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची झोपडीसारखी कोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगती. आंबील भरलेलं बिंदगं, म्हणजे मोठं मडकं, घरापासून डोक्यावरून आणायचं. वाटेनं जाणाऱ्याला त्या दिवशी कुणीही हाक मारावी, जेवल्याशिवाय त्याची सुटका नाही.

जावेनं नवऱ्याला सकाळीच बजावलं, 'आज तोंडातनं एक बी ग्रह निघाला न्हाय पायजे.' त्यांनी कबूल केलं आणि बराच वेळ पाळलंही. पण पाहुण्यांनी, मुलाच्या वडिलांनी, कोपीशेजारी बसल्या बसल्या कुणीही विचारावा असा साधा प्रश्न विचारला, 'रान केवढं हाय तुमचं?'

'केवढं म्हंजे,' भावजी म्हणाले, 'कशाच्या मानानं?'

जावेनं कपाळाला हात लावला.

नैवेद्य व्हायच्या आधीच त्यांनी बिंदगं उचलून बांधावर ठेवलं. हा सूर्य. तिथून पावलं टाकत गेले, मुलाला हाक मारून बोलावलं आणि त्याच्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा ठेवला. 'ही पृथ्वी. आता ह्यात आमचं रान हुडका.' त्याच्याच मनगटावर राजगिऱ्याचा दाणा चिकटवला, तो चंद्र. पाहुण्यांच्या हातात लिंबू दिलं, हा गुरू, आणि त्यांना विहिरीपलीकडं छातीभर ज्वारीत नेऊन उभं केलं. 'हलू नका. तुम्ही हललात की समदं गणित बिघडंल.' शेवटचा ग्रह पार हायवेवर येत होता, तिथं ते स्वतः गेले. त्याच्या पुढचा तारा मांडायला समुद्र ओलांडावा लागतो म्हणे, म्हणून तेवढा राहिला.

हायवेच्या कडेला कुणाची तरी पंगत बसली होती. पंगतीतल्यांनी भावजींना हाक मारली. येळवशीची हाक मोडता येत नाही. भावजी तिथं जेवायला बसले.

इकडं सूर्य बांधावर तापत होता, नैवेद्य अडला होता आणि मुलगा भुकेनं पृथ्वी चावत होता. शेवटी सोनाली उठली, सूर्य उचलून कोपीत आणला, पांडवांना नैवेद्य दाखवला आणि पानं मांडली. तेव्हा जावेच्या ध्यानात आलं की गुरू अजून विहिरीपलीकडंच आहे. ती रडायला लागली. 'गेलं हे बी स्थळ.' मला रडणं जमत नाही, म्हणून मी गेले.

पाहुणे उन्हात तसेच उभे होते, लिंबू छातीशी धरून.

'चला जेवाय, पावणं.'

'ते हलू नका म्हणून गेलेत.'

'ते दुसऱ्याच्या पंगतीत बसले असतील.'

पाहुण्यांनी मिशीवरचा घाम पुसला. 'पोरगी बी अशीच हाय का?'

खोटं बोलून लग्न जमवावं असं लोक म्हणतात. मला तो व्याप झेपत नाही. 'न्हाय,' मी म्हणाले. 'बाप सूर्य कुठंबी ठिवतो. ती उचलून जागेवर आणती. आत्ताच आणलाय, म्हणून तर बोलवाय आलेय.'

'मग चालंल,' ते म्हणाले. चालता चालता पुढं म्हणाले, 'आमच्या घरात मला उभं ऱ्हा म्हणायचं धाडस न्हाय कुणाचं. लई दिसांनी कुणीतरी म्हणलं.' लिंबू त्यांनी ताटातल्या भाजीवर पिळलं.

भावजी ढेकर देत परतले तेव्हा पंगत उठत आली होती. विहिरीकडं बघून म्हणाले, 'गुरू कुठं गेला?'

'गुरूनं होकार दिलाय,' जाऊ म्हणाली. 'आता तुम्ही गप बसा.'

लग्न झालं. दारातल्या मांडवात झालं आणि बरं झालं. लेकीची गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली, माणसं पांगली, आचारी कढया घासायला लागले. भावजी मांडवामागं एका पालथ्या घमेल्यावर बसलेले मला दिसले. समजूत काढणं मला येत नाही, पण पाय दुखत होते, म्हणून मीही शेजारी टेकले. ते रस्त्याकडं बघत होते.

'वहिनी,' ते म्हणाले, 'लोहारा लई लांब हाय वो.'

'जीपनं तासभर लागतोय,' मी म्हणाले.

'तेच म्हणतोय,' ते म्हणाले.